पंचावन्न कुणाचं?

४ नोव्हेंबर

आज वेटलिफ्टिंग संघटनेच्या बैठकीत खजिनदाराने माझी बिनपाण्याने केली. मी सचिव. नियम मी लिहितो आणि त्यांची पाटीही मीच रंगवतो, कारण माझं दुकान पाट्यांचं आहे. गेल्या वर्षी पाटीवर वजनाचे गट लिहिले होते: ५० ते ५५ किलो, ५५ ते ६० किलो. वळणदार अक्षर, खाली निळी रेघ. एक मुलगी नेमकी पंचावन्न किलो भरली. ती दोन्ही गटांत उभी राहिली, दोन पदकं गळ्यात घातली आणि निघून गेली. मग दोन क्लब एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि एक बाक मोडला.

"सचिवांचं अक्षर मोत्यासारखं आहे," खजिनदार आज भर बैठकीत म्हणाला. "अर्थ तेवढा दुसऱ्या कुणाकडून रंगवून घेत चला."

सगळे हसले. अध्यक्ष तर इतके हसले की खुर्चीने कुरकुर केली. मला राग आला आणि रागाच्या भरात मी बोलून बसलो, की यंदाचे गट मी गणिताच्या भाषेत लिहून आणतो, बोट ठेवायला जागा राहणार नाही. टाळ्या पडल्या. घरी येताना आठवलं. शाळेत पास व्हायला पस्तीस मार्क लागायचे आणि गणितात मला पस्तीसच पडले होते.

नशीब, लेक कॉलेजात गणित शिकते. लहानपणी मूठभर होती म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. आता ती स्वतःपेक्षा जड बार डोक्यावर धरते, तरी चिमणीच. पंचावन्नपर्यंतच्या गटात खेळते. ज्युनियरमधलं हे तिचं शेवटचं वर्ष. गटात पहिली येणारीला राष्ट्रीय शिबिरात घेतात; पुढच्या वर्षी वय उलटलं की ते दार बंद. तिला खेळताना मी अजून पाहिलेलं नाही. स्पर्धेच्या दिवशी सर्टिफिकिटांवर नावं घालायचं काम माझ्याकडे असतं.

६ नोव्हेंबर

जेवणाच्या टेबलावर पहिला धडा. चिमणीने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन कंस काढले, एक चौकोनी, एक गोल.

"चौकोनी कंस म्हणजे टोकाचा आकडा आत धरायचा. गोल कंस म्हणजे टोकाच्या कितीही जवळ जा, पण टोक आत नाही."

"म्हणजे गोल कंस लावला की पाहुणा दारात उभा?"

"दारात उभा, आणि दार उघडत नाही. तुमचंच बघा. पस्तीसला पास, म्हणजे तिथे चौकोनी कंस होता. गोल असता तर तुम्ही नापास झाला असता, बाबा."

बायको शिलाई मशीनवरून मान न वळवता हसली. ती शिवणकाम करते आणि मशीन चालू असतानाही तिला सगळं ऐकू येतं.

मग चिमणीने लहान-मोठ्याची चिन्हं सांगितली. उघडं तोंड मोठ्याकडे. हे मला चटकन समजलं, कार्यकारिणीत हेच चालतं. पुढची गोष्ट मात्र नवी होती: दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं, मोठं होतं ते लहान होतं. खजिनदार हा ऋण संख्या आहे, हे मला आज कळलं.

चिमणीने जेवण अर्ध्यावर सोडलं. अन्न वाया जाऊ नये म्हणून तिच्या ताटातलं मी संपवलं.

७ नोव्हेंबर

साठच्या वरच्या गटाला वरची मर्यादा नाही, म्हणून तिथे अनंताचं चिन्ह येतं, आडव्या पडलेल्या इंग्रजी आठासारखं. त्याच्या बाजूला नेहमी गोलच कंस. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाला चौकोनी द्या की.

"तिथे कुणी पोचतच नाही, बाबा. जिथे पोचत नाही ते आत कसं धरणार?"

अध्यक्षांचं वजन मनातल्या मनात (१००, ∞) असं लिहून पाहिलं. छान दिसलं.

१२ नोव्हेंबर

सुटलं! आज दुकानात 'येथे थुंकू नये' रंगवता रंगवता एकदम उजेड पडला. भांडण कशावरून झालं? पंचावन्नवरून. पंचावन्न कुणाचं, ह्याचं की त्याचं? मग ते कुणालाच द्यायचं नाही. वादाचं मूळच उपटून टाकायचं:

(४५, ५०) (५०, ५५) (५५, ६०) (६०, ∞)

सगळे कंस गोल, सगळ्यांना एक न्याय. घरी आल्या आल्या चिमणीला दाखवलं. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मला वाटलं, भारावली.

"बाबा, मग जी पंचावन्न भरेल तिने कुठे जायचं?"

"नेमकं पंचावन्न कोण भरतं गं? एवढ्या आकड्यांमधला एक आकडा. लाखात एखादी."

"तुम्ही कधी वजनं घेतात तिथे आला आहात?"

"मला सर्टिफिकिटं असतात."

मग ती म्हणाली, की डावीकडे गोल आणि उजवीकडे चौकोनी लावा, (५०, ५५] असं. पंचावन्न खालच्या गटात जाईल, एकाच गटात जाईल, भांडणही नाही आणि कुणी बाहेरही नाही. मी रंगवून पाहिलं. एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून निघाल्यासारखं दिसत होतं. चाळीस वर्षं पाट्या रंगवणाऱ्या माणसाने असली पाटी टांगायची? शिवाय ती स्वतः त्याच गटात खेळते. तिच्या सांगण्यावरून कंस बदलला असं कळलं तर खजिनदार गावभर करेल. तत्त्व म्हणजे तत्त्व. लेकीसाठीसुद्धा मी वाकत नाही, हे लिहिताना मला बरं वाटतं आहे.

"बरं," एवढंच म्हणून ती उठली.

१५ नोव्हेंबर

नियम मंजूर! कुणी एक प्रश्न विचारला नाही. खजिनदाराने कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि "शास्त्रशुद्ध वाटतंय" म्हणाला. कंसाचा अर्थ विचारला तर आपल्याला येत नाही हे कळेल, म्हणून सगळे माना डोलवत होते. अर्थ विचारला असता तर सांगायची माझी तयारी होती, पण बरं झालं.

आणखी एक चांगली बातमी. अध्यक्षांच्या मेहुण्याने संघटनेला नवा वजनकाटा भेट दिला. हा फक्त पूर्ण आणि अर्धा किलो दाखवतो, मधलं काही नाही, सगळं जवळच्या आकड्याला नेऊन बसवतो. दशांशाची कटकट मिटली.

चिमणीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे माझं चोपन्न किलो आठशे ग्रॅम असलं, तरी काटा पंचावन्न म्हणणार?"

"उदार काटा आहे," मी म्हटलं.

तिने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. शिलाई मशीन बराच वेळ सुरू झालं नाही.

२२ नोव्हेंबर

गणिताची गोडी लागली आहे. सकाळी निघताना बायकोला म्हटलं, मी (७, ८) मध्ये घरी येईन. ती म्हणाली, "कंसात या नाहीतर कशातही या, जेवण एकदाच गरम होईल." आलो सव्वाआठला. गारच जेवलो.

चिमणी दुपारच्या उन्हात रेनकोट घालून गच्ची झाडत होती. घामाने निथळत होती. विचारलं तर म्हणाली, "सराव आहे." हल्ली फार नीटनेटकी झाली आहे. झाडून झाल्यावर तोंडात पाणी घेतलं, खुळखुळवलं आणि थुंकून टाकलं. मी म्हटलं, दातांची एवढी काळजी आम्ही तरुणपणी घेतली असती तर. ती नुसतीच हसली. ओठ फुटले आहेत तिचे, हवा कोरडी आहे.

३० नोव्हेंबर

पाटी तयार. कंस तर असे उतरलेत की बघत राहावं. शेजारचा न्हावी म्हणाला, मिशा झकास काढल्यात.

बायको संध्याकाळी विचारत होती, "अहो, आपली मुलगी किती भरते, माहितीय का तुम्हाला?"

"पंचावन्नच्या गटात आहे ना? म्हणजे पंचावन्नच्या आत."

"आत," ती म्हणाली. "मी कपडा शिवताना बोटभर कापड जास्तीचं सोडते. माणसं मापावर बसत नाहीत. तुम्ही एका पोरीला मापाच्या आत कापायला निघालात."

शिवणकाम करणाऱ्यांना सगळीकडे कापडच दिसतं. मी वाद घातला नाही.

४ डिसेंबर

चिमणी आज जिन्यात मटकन खाली बसली. म्हणाली, चपलेचा बंद सोडवते आहे. तिच्या चपलेला बंद नाही, हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतं आहे. स्पर्धेचा ताण असणार.

७ डिसेंबर

सगळं नीट लिहून काढायचं आहे, पण कुठून सुरुवात करावी कळत नाही. वजनापासून करतो.

वजनं घ्यायची वेळ आठ ते नऊ. मी बाहेरच्या टेबलावर सर्टिफिकिटांवर नावं घालत होतो. साडेआठच्या सुमाराला आत आरडाओरडा झाला, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा वजनाच्या खोलीत गेलो. रांग लागली होती. एकेक जण काट्यावर चढत होता. पंचावन्न. पुढचा, साठ. त्याच्या पुढची, पंचावन्न. मग पन्नास. पुन्हा साठ. माझ्या पाटीवर न बसणारेच सगळे आकडे, एकामागून एक.

"हे काय चाललंय?" मी चिमणीच्या कोचला विचारलं.

"सचिवसाहेब, पंचावन्नपर्यंतच्या गटात त्रेपन्न भरून कोण येईल?" तो म्हणाला. "दोन किलो ताकद घरी ठेवून यायची का? महिनाभर उपाशी राहतात ती बरोबर काठावर यायलाच. काठ हाच तर आमचा खेळ आहे. ह्या कंसांना आम्ही नक्षी समजलो हो!"

लाखात एखादी, असं मी म्हणालो होतो. इथे खोलीभर होत्या. (५०, ५५) मध्ये नीट बसली ती फक्त एक, खजिनदाराची भाची. चोपन्न. तिला आठवडाभर ताप होता.

"ब्रश आणा," कोच म्हणाला. "रंगवताना चुकलं म्हणा आणि उजवीकडचे कंस चौकोनी करून टाका. दोन मिनिटांचं काम."

"वा रे वा!" मागून खजिनदार आला. त्याला कंसाचा अर्थ नुकताच कुणीतरी सांगितला होता आणि भाची गटात एकटीच उरलीय हेही. "सचिवांची मुलगी पंचावन्न भरली की नियम बदलायचा का?"

मी वळून पाहिलं. काट्यावर चिमणी उभी होती. पंचावन्न. गाल आत गेलेले, डोळे मोठे दिसत होते. रोज एका टेबलावर जेवतो आम्ही, आणि तो चेहरा मी आज पाहिला.

"तुला तर ठाऊक होतं ना गं?" मी म्हटलं.

"म्हणून तर साडेचोपन्नला उतरायला बघत होते, बाबा. तुमच्या कंसासाठी अर्धा किलो जास्त. काल सकाळपासून पाणी नाही प्यायले."

रेनकोट, खुळखुळून टाकलेलं पाणी, बंद नसलेली चप्पल, सगळं एकदम डोक्यात शिरलं.

कोच म्हणत होता, जिना चढउतार कर, थोडं उतरेल, काटा साडेचोपन्न दाखवेल. घड्याळात नऊला दहा कमी होते. सगळे माझ्याकडे बघत होते. नियम चुकला, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणणारच होतो. तोंडही उघडलं होतं. फक्त नियम तर दुरुस्त होईल पण मी चुकलो असं होणार नाही, असं वाक्य शोधत होतो, आणि तसं वाक्य सापडायला वेळ लागतो.

तेवढ्यात बायको पुढे आली. पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिने झाकण उघडलं. बाटली चिमणीपुढे धरली.

चिमणीने कोचकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. "मी आता एक थेंबही कमी होणार नाही," ती म्हणाली आणि बाटली तोंडाला लावली. एका दमात संपवली. दुसरी मागितली. मग आईच्या हातातलं केळं घेतलं आणि डोळे मिटून खाल्लं.

तिचं बघून खोलीत गोंधळ उडाला. अर्धे लोक नळाला लागले, अर्धे बादलीत थुंकायला लागले. एकीची आई कात्रीने तिची वेणी कापत होती. कोणी वर जात होतं, कोणी खाली, पाटीपासून लांब पळायची एकच घाई. जे नुसते रडत बसले, ते घरी गेले. एक खेळाडू नेमका नऊच्या ठोक्याला काट्यावर चढला. वेळेचा कंस कुठला ते मी ठरवलंच नव्हतं. अध्यक्षांनी त्याला उतरवला.

काट्याने चिमणीचे साडेपंचावन्न दाखवले.

"साठच्या गटात लिहा," ती म्हणाली.

"तिथल्या पोरी तुझ्यापेक्षा चार-चार किलोंनी जड आहेत," कोच म्हणाला.

"लिहा."

सर्टिफिकिटं तशीच टाकून मी आत जाऊन बसलो. तिने हाताला पांढरी पूड लावली, बारपाशी उभी राहिली, आणि तिच्या पोटातून असा आवाज निघाला की घरात मी तो कधी ऐकला नव्हता. बार वर गेला. पाय थरथरले आणि थांबले. पंचांनी खूण केली तरी तिने तो क्षणभर तसाच धरून ठेवला. मला लाज वाटली आणि ऊरही भरून आला, दोन्ही एकदमच. शेजारच्या माणसाला मी सांगितलं, ही माझी मुलगी. तो म्हणाला, "बापाने लक्ष ठेवलेलं दिसतंय."

८ डिसेंबर

निकाल समोर आहे. खजिनदाराच्या भाचीने एकटीने उचलून एकटीने पहिला नंबर काढला, उचललेल्या वजनांची बेरीज ११८ किलो. चिमणीची बेरीज १३१, तिची आजवरची सर्वांत मोठी. साठच्या गटात पहिली आली तिची १३४. चिमणी दुसरी.

१३१ > ११८. उघडं तोंड मोठ्याकडे. मी पुन्हा पुन्हा तपासलं, चिन्ह बरोबर आहे. शिबिराला ११८ जाणार आहे.

चिमणीने सकाळी पोटभर नाश्ता केला. मी तिच्या ताटाला हात लावला नाही.

१४ डिसेंबर

आज कार्यकारिणीची बैठक. अध्यक्षांनी माझं तोंड भरून कौतुक केलं. यंदा एकही भांडण नाही, एकही बाक मोडला नाही, पंचावन्नवरून वाद तर अजिबातच नाही. ज्यांनी वाद घातला असता ते खेळलेच नव्हते, हे मी सांगायला लागलो. अध्यक्ष म्हणाले, "तेच तर! वादच नको." मला फुलांचा गुच्छ दिला. खजिनदाराने स्वतःहून टाळ्या वाजवल्या आणि ठराव मांडला, की हेच गोल कंस पुढेही कायम ठेवावेत आणि इतर संघटनांनाही पाठवावेत. ऋण संख्येने गुणलं की काय होतं ते मी आज स्वतःच्या अंगावर पाहिलं.

मी उभा राहिलो. वाक्य शोधत बसलो नाही. "नियम चुकला आहे आणि तो मी चुकवला आहे," असं म्हणालो. मग अध्यक्ष म्हणाले, "बघा, किती नम्र!" आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

मतदान झालं. सगळे हात वर गेले, माझा सोडून.

"एकमताने मंजूर, असं लिहा," अध्यक्ष म्हणाले.

इतिवृत्त लिहिणारा मीच. मी लिहिलं: "एक सदस्य वगळता सर्वांनी मंजूर." अध्यक्ष म्हणाले, खोडा. मी नाही खोडलं. मग सचिवपदही तिथेच ठेवून आलो. गुच्छ मात्र चुकून हातातच राहिला.

घरी येऊन चिमणीला सगळं सांगितलं. ती जेवत होती. जेवता जेवता म्हणाली, "म्हणजे आता सर्टिफिकिटं दुसरं कुणीतरी लिहिणार."

"हो."

"मग सरावाला बघायला या उद्या. सीनियरची तयारी सुरू करतेय. सहापर्यंत या."

ती झोपायला गेल्यावर लक्षात आलं, सहापर्यंत म्हणजे सहाच्या आधी, की सहालासुद्धा चालेल, हे विचारायचं राहिलं. कंस कुठला ते माहीत नाही. पावणेसहालाच जाऊन बसतो.